३०४ स्टेनलेसच्या ६ मिमी पट्टीत एम६ चे (६ मिमी बोल्टचे) आटे पाडायचेत, ड्रिल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) कुठला घेऊ?

साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल घेऊच नका, ५ टक्के कोबाल्टचं एम३५ घ्या, टोक १३५ डिग्रीचं, ते पंच मार्कवरून (भोकाच्या जागी पंच ठोकून केलेल्या खुणेवरून) घसरत नाही. पुण्यात बोहरी आळीत किंवा भोसरीला कुठल्याही टूल्सच्या दुकानात एम३५ म्हटलं की देतात.

खरी गोष्ट स्पीडची आहे. स्टेनलेस घासलं की जागेवरच कडक होतं, म्हणजे ड्रिल नुसतं फिरत राहिलं आणि कापलं नाही तर खालचा थर चकचकीत होतो आणि मग नवीन ड्रिलसुद्धा तिथे शिरत नाही. म्हणून ५ मिमीच्या ड्रिलला ६०० च्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवा, दाब चांगला द्या आणि सोडू नका, चिप (कापलेल्या धातूची साल) सलग लांब निघाली पाहिजे, भुकटी पडायला लागली की लगेच थांबा.

एम६ ला चार्टमध्ये ५ मिमी भोक लिहिलेलं असतं पण स्टेनलेसला मी ५.१ पाडतो, आटे थोडे कमी भरतात पण ताकदीत फारसा फरक पडत नाही आणि टॅप खूपच हलका जातो.

तुमचं भोक आरपार आहे ना, मग स्पायरल पॉइंट टॅप घ्या, तो चिप पुढे ढकलतो. बंद भोक असेल तर स्पायरल फ्लूट, तो चिप वर काढतो. हाताने मारणार असाल तर तीन टॅपचा सेट घ्या, क्रमानेच वापरा. आणि कटिंग ऑइल हवंच, माझा एक टॅप कोरडा मारताना आत तुटला आणि अख्खी पट्टी टाकून द्यावी लागली.