वळकटी की स्लीपिंग बॅग?

प्रश्न : सासऱ्यांच्या वेळचा खाकी कॅनव्हासचा होल्डॉल आमच्याकडे अजून सुस्थितीत आहे. डिसेंबरात माझा मुलगा मित्रांसह महूजवळच्या जानापाव टेकडीवर तंबूत एक रात्र काढणार आहे. होल्डॉलमध्ये गादी व रजई बांधून द्यावी असे मला वाटते. त्याला मात्र '0 अंश' लिहिलेली स्लीपिंग बॅग हवी आहे. काय करावे?
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : होल्डॉल ही रेल्वेच्या बाकावर पसरायची वळकटी, ती उचलायला फलाटावर हमाल असे. टेकडीवर ती स्वतः वाहायची असेल, तर कापसाची गादी घरीच ठेवावी, कारण ती जड असते, दव शोषते आणि लवकर वाळत नाही.

खरी अडचण मात्र पांघरुणाची नाही, अंथरुणाची आहे. रजई असो वा स्लीपिंग बॅग, ऊब टिकते ती भरणात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली हे भरण दबून चपटे होते आणि जमीन शरीराची उष्णता खेचून घेते. म्हणून पहिला खर्च पाणी न शोषणाऱ्या फोमच्या चटईवर करावा. ती वजनाने इतकी हलकी असते की चिरंजीवांचीही तक्रार राहणार नाही.

आता त्या '0 अंशां'विषयी. आयएसओ 23537 या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर आरामाचे, मर्यादेचे आणि टोकाचे असे निरनिराळे आकडे असतात, आणि त्यांपैकी टोकाचा आकडा केवळ जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्याचा नव्हे. विक्रेता जो मोठ्या अक्षरांत दाखवतो तो कोणता, हे विचारून घ्यावे. शिवाय ही चाचणी बॅगेखाली चटई आहे असे धरूनच होते. माळव्यात हिवाळ्यात निरभ्र रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा आरामाचा आकडा 5 अंशांच्या आसपास असलेली बॅग पुरावी. दव पडत असल्याने पिसांऐवजी कृत्रिम धाग्याचे भरण घ्यावे. पिसे भिजली की ऊब जाते. तंबू खोलगट जागी लावू नये, कारण थंड हवा तिथेच साचते.

एकाच रात्रीचा प्रश्न असेल आणि गाडी मुक्कामापर्यंत जात असेल, तर बॅग विकत न घेताही भागेल: खाली होल्डॉलचे कॅनव्हास, त्यावर फोमची चटई, अंगावर आपली रजई आणि डोक्याला कानटोपी. बॅग घेतलीच, तर परतल्यावर ती उन्हात वाळवून कपाटात सैल टांगावी. जागा वाचते म्हणून होल्डॉलात आवळून ठेवल्यास भरण कायमचे बसते.