हुरूप आणि उत्साह एकच का? अर्जात 'मी हुरूपी आहे' असं लिहिलं तर चालेल का?

कोशात हुरूपच्या पुढे उत्साह असं लिहिलेलं असतं आणि ते चुकीचं नाही, पण बोलताना आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकत नाही हे तुमच्या लक्षात आलंय म्हणूनच तुम्ही विचारताय. माझ्या मते फरक असा की उत्साह माणसाच्या अंगातच असू शकतो, हुरूप मात्र यावा लागतो. म्हणजे कशामुळे तरी. कोणी पाठ थोपटली, पहिला प्रयत्न जमला, हरत आलेल्या मॅचमध्ये अचानक एक विकेट पडली, की हुरूप येतो, चढतो, वाढतो. क्रियापदंच बघा ना, सगळी बाहेरून आत येणारी किंवा वर चढणारी.

माझा पाय प्लास्टरमधून निघाला तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम दहा पावलं टाकली असतील, तीही भिंतीला धरून, आणि उत्साह वगैरे काही नव्हता, उलट वैतागच होता. दुसऱ्या दिवशी बारा झाली. दोनच जास्त, पण त्या दोन पावलांनी जे आलं ना तो हुरूप! तिथे "मला जोश आला" म्हटलं असतं तर लोक हसले असते.

कारण जोश हे वेगळंच प्रकरण आहे. शब्द फारसीतून आलाय, मूळ अर्थ उकळणं, उकळी. म्हणून जोशात घोषणा देतात, जोशात नाचतात, आणि खालचा गॅस बंद झाला की तो ओसरतोही पटकन. (आनंदाच्या उकळ्या फुटतात असं आपण म्हणतोच, तेव्हा ही कल्पना काही परकी नाही.) उत्साह संस्कृत, उत् अधिक सह्, सहन करणं मधला तोच सह्, त्यामुळे त्यात नुसती मजा नाही, नेटाने काम तडीला नेणंही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह सांगितलाय तो उगाच नाही.

चेव मात्र जपून वापरा. चेव कोणीतरी डिवचल्यावर येतो, त्यात थोडा राग असतो. आणि अवसान तर गंमतच आहे, संस्कृतात त्याचा अर्थ शेवट, मराठीत मात्र अंगातलं बळ, धीर, आणि तेही बहुतेक वेळा गळालेलं नाहीतर उसनं आणलेलं :)

आता 'मी हुरूपी आहे' बद्दल. उत्साही माणूस सगळे म्हणतात, हुरूपी माणूस मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि ते वर म्हटलं त्यामुळेच असावं, जी गोष्ट कारणाने येते तिचा स्वभाव कसा होणार? तेव्हा अर्जात स्वतःबद्दल उत्साही असंच लिहा. हुरूप वापरायचाच असेल तर आधी काय घडलं ते सांगा, "पहिलं काम सगळ्यांना आवडलं आणि मी नव्या हुरुपाने पुढच्या कामाला लागलो" असं. इथे रु ह्रस्व बरं का, फूल-फुलाला होतं तसं.