दिसायला की पळायला?

प्रिय मित्रा,

रॅपवाले (गाडीवर रंगीत फिल्म चढवणारे) आणि रिमॅपवाले (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारे) एकमेकांना पाण्यात का पाहतात, असं तू विचारलंस. एकाला गाडी उभी असतानाही चारचौघांनी वळून पाहावं असं वाटतं, दुसऱ्याला ती कात्रजच्या वळणांवर चिकटून जायला हवी. रंग, सीट कव्हर ज्याच्या त्याच्या हौसेचं. त्यावरून कुणी फार वेळ भांडत नाही. भांडण पेटतं ते मधल्या पार्ट्सवरून. नाव परफॉर्मन्सचं आणि काम दिखाव्याचं असलं, की जाणकार चिडतात.

मोठे अलॉयच, म्हणजे मिश्रधातूच्या रिम्सच बघ. स्विफ्टच्या १८५/६५ आर१५ टायरची (रुंदी १८५ मिमी, उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) साइडवॉल, म्हणजे रिमबाहेरची रबराची उंची, साधारण १२० मिमी. १७ इंची रिमवर २०५/४५ चढवलास तर बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, स्पीडोमीटरही फसत नाही. पण साइडवॉल ९२ मिमीवर येते. पावसाळ्यातल्या एका खड्ड्यात रिमची कड वाकायला तेवढं पुरतं. त्यात रिम जड निघाली तर पिकअपही मरतो.

पुण्याच्या नाना पेठेत, पार्ट्सच्या बाजारात, नुसता पीसीडी ४×१०० (चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) जुळला म्हणून पैसे मोजू नकोस, रिमचं मधलं भोकही मोज. स्विफ्टचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५४.१ मिमीचा, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३.१. ही फट भरणारी हब रिंग न घालता चाक बसवलं, की ते फक्त नटांच्या भरवशावर मधोमध राहतं. मग ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात. नट समोरासमोरचे आवळायचे, शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा बघायचे.

गाडी खाली बसवायला स्प्रिंगचा वेढा कापून देणारे भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार कर. कापलेली स्प्रिंग कडक होते, शॉकअप मात्र जुनाच. चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही आणि दर स्पीडब्रेकरला गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडून टायर एका बाजूने झिजतो ते वेगळंच. साध्या बिनटर्बो इंजिनाला नुसता मोठा सायलेन्सर म्हणजे कानाचा स्टिकर. वर चौकात पोलिसांशी हुज्जत.

रिमॅपचा फरक टर्बो इंजिनात खरंच जाणवतो. पण आधी चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल ओढतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो; मग ताम्हिणी घाट उतरताना सारखा ब्रेक दाबलास की पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलत जा.

गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दोन्ही गटांना सारखंच लागू आहे. कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. रंग बदललास तर आरसीवर नोंद कर आणि विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळव. मूळ रिम्स आणि स्प्रिंगा मात्र भंगारात देऊ नकोस. गाडी विकताना गिऱ्हाईक आधी त्याच मागतं.

तुझा,
एक गाडीवेडा