दोन स्पर्धक लेखक आणि त्यांतील एक भूत: अशी प्रेमकथा मराठीत पटेल का?

एकमेकांवर जाहीर टीका करणारे दोन कादंबरीकार, त्यांतील पुरुषाचा अकाली मृत्यू आणि नंतर त्याच्या भुताचे आपल्या प्रतिस्पर्धी लेखिकेवर जडलेले प्रेम, असे कथानक ग्वाल्हेरात घडवले तर मराठी वाचकाला ते पटेल का, असे आपण विचारले आहे. माझे सारे आयुष्य ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गेले आहे आणि अशी एक कथा मी स्वतः दिवाळी अंकाकडे पाठवून साभार परत घेतलेली आहे. संपादकांच्या चिठ्ठीत एकच प्रश्न होता: हा माणूस परत का आला?

तो प्रश्न रास्त होता. आपल्याकडची भुते कारणाशिवाय राहत नाहीत. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. धनात जीव अडकलेला समंध होतो. लेखकाचा जीव अडकणार तो अपुऱ्या हस्तलिखितात, आणि ते पुरे करू शकेल अशी व्यक्ती एकच, जिने त्याच्या प्रत्येक वाक्यातील खोट वर्षानुवर्षे शोधून काढली ती. चाहत्यांनी त्याला इतके बारकाईने कधी वाचलेलेच नसते. प्रेमाची सुरुवात मला तरी येथेच दिसते.

याला जुना आधारही आहे. सम्राट हर्षवर्धनाच्या दरबारातील बाण आणि मयूर या स्पर्धक संस्कृत कवींविषयी एक आख्यायिका आहे. रुसलेल्या पत्नीची समजूत घालताना बाण पहाटे एका श्लोकाचे तीनच चरण पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाहेर उभ्या असलेल्या मयूराला राहवले नाही आणि त्याने चौथा चरण पुरवला. मयूर तिचा जवळचा आप्त (काही कथांत पिता, काहींत भाऊ). एकांतातले बोलणे त्याने ऐकले म्हणून तिने त्याला कुष्ठाचा शाप दिला, आणि सूर्याची स्तुती रचून तो बरा झाला. दुसऱ्याची ओळ पुरी करणे हा मोठ्या जवळिकीचा अपराध आहे, हे आपल्या कादंबरीचे बीज होऊ शकते.

ग्वाल्हेरचा उपयोग मात्र देखाव्यापुरता करू नये. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा आहे. आपली नायिका तो पाला लेखणीसाठी चघळून पाहील, तर प्रसंग हसरा आणि तरीही इथलाच होईल. कथा थोडी मागे नेता आली तर 1961चे साहित्य संमेलन घ्यावे. ते येथे भरले होते आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष होत्या. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. दोघांचे जाहीर भांडण त्याच मांडवात व्हावे. आमच्या मराठीत हिंदी सहज मिसळते, त्यामुळे जुन्या वळणाच्या भुताने लेखिकेचे शब्द सुधारत बसणेही शोभेल.

खरा पेच पुढे आहे. हस्तलिखित पुरे झाले की भूत सुटणार, म्हणजे तिने लिहिलेले प्रत्येक पान त्याला दूर नेणार. मग ती रेंगाळेल, मुद्दाम वाईट लिहील, आणि तो चिडून तेच पान पुन्हा लिहायला लावील. ही पाने वाचकाला प्रत्यक्ष दाखवावी लागतील, आणि तीही दोन निराळ्या हातांची. त्याचे वाक्य कोठे संपले आणि तिचे कोठे सुरू झाले, हे नाव न सांगता ओळखू आले पाहिजे. माझी कथा परत आली, तिच्यात हेही नव्हते.