आधी बाथरूमची शीट काढा

प्रश्न : आमची डोंबिवलीतली सोसायटी १९८७ची. यंदा उन्हाळ्याआधी सगळ्यांनी मिळून दुहेरी काचेच्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या. एसीचं बिल खरंच उतरलं. बाथरूमच्या डक्टकडच्या लूव्हरवरही (काचपट्ट्यांच्या झरोक्यावर) कंत्राटदाराने अ‍ॅक्रेलिकची शीट चिकटवून दिली, कबुतरं येऊ नयेत म्हणून. पण हल्ली सासूबाई आंघोळ करून आल्या की त्यांना गरगरतं, मळमळतं. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. बेडरूममध्ये कपाटामागे बुरशीही धरली आहे. खिडक्या बदलून चूक केली का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, बाथरूममधला गिझर गॅसचा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी तो गॅसचाच धरून चालते. विजेचा असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा आणि सासूबाईंचं बीपी तपासून घ्या.

गॅसचा असेल तर मासिक खाली ठेवा आणि आधी ती शीट काढा. कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावा, तिच्यातून हवा जाते. गिझर बाथरूमच्या बाहेर हलवेपर्यंत तो फक्त बादली भरण्यापुरता लावायचा, तोही दार उघडं ठेवून. बंद केला, जरा वेळ जाऊ दिला, की मग आत जायचं. ढोबळ हिशेब असा : मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर १५ मिनिटांत पाव किलोच्या आसपास गॅस जाळतो आणि त्याला तीनेक घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये हवाच असते नऊ घनमीटर. लूव्हर उघडी होती तोवर ही तूट बाहेरून भरून निघत होती. आता प्राणवायू कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो.

तुमच्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि प्राणवायूचं रक्त वेगळं ओळखता येत नाही, म्हणून त्या ९८वर विसंबू नका. सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि 'बंद बाथरूम, गॅस गिझर' हे शब्द स्वतःहून सांगा. रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासता येतं. मी हे शहाणपणाने सांगत नाहीये. वीस वर्षं इमारतींचं ऊर्जा-ऑडिट करणाऱ्या मी माझ्याच घरी लूव्हरवर थर्माकोल कापून बसवला होता. नवरा आंघोळीहून आला आणि टॉवेलसकट दाराशीच बसला, तेव्हा डोळे उघडले.

आता खिडक्या. चूक खिडक्यांची नाही, पण एक मोजमाप कुणी केलं नाही. जुन्या लाकडी झडपा सताड उघडायच्या. दोन झडपांची सरकती खिडकी अर्धीच उघडते. केंद्राची २०१८ची 'इको निवास संहिता' आपल्यासारख्या दमट हवेत उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के मागते. ती नव्या इमारतींसाठी आहे, तरी मोजपट्टी म्हणून छान. ४८० चौरस फुटांच्या घराला ८० चौरस फूट. टेप घेऊन मोजा, बहुधा निम्मंच भरेल. त्यात स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. पूर्वी फटींतून आपोआप येणारी हवा आता तुम्हाला सोडावी लागेल : सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. तरीही तिथे ओल आली तर ती बहुधा बाहेरून झिरपते आहे, मग प्लंबरला बोलवा.

आणि एक गंमत करून पाहा. गिझर बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघरातली चिमणी फुल. बाथरूमच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर बाथरूमकडून स्वयंपाकघराकडे पळत असेल, तर चिमणी बाथरूममधली हवा घरात ओढते आहे. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी हवीच.

प्रश्न : गच्चीवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून उष्णतारोधक पत्रे टाकायचं काम चालू आहे. कामगार हातोड्याने फोडताहेत, आमच्या वरच्या मजल्यावर पांढरी धूळ येते. चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही चालणार. काम आजच थांबवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतोच असं धरून वागायचं. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. कामगारांना तोंडाला रुमाल नव्हे, साधा एन-९५ही नव्हे, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क द्या. तुमच्या घरात पडलेल्या धुळीला झाडू लावू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. आणि तुकडे कुणी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मागायला आलं, तर देऊ नका. मागतात, म्हणून सांगते.