ग्लास रिकामा दिसला की भरला जातो

प्रश्न : शिमग्याला मुंबईहून मित्र गावी येतात आणि संध्याकाळी खळ्यात ‘बसायचं’ ठरतं. मला पिणं झेपत नाही. उठून गेलो तर ‘भाव खातोस’ म्हणतात. काय करावं? ‘आम्ही फक्त बियर घेतो’ म्हणणाऱ्यांनी गाडी चालवली तर चालतं का? – एक वाचक, मालवण

उत्तर : आधी बियरचं, कारण फसगत तिथेच होते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगात सुमारे १०. म्हणजे एक बाटली घेतली की चार छोटे पेग पोटात गेले. शरीर तासाला साधारण एवढा एकच पेग पचवतं. काळ्या कॉफीनं किंवा डोक्यावर पाणी ओतून झोप उडते, दारू उतरत नाही. नऊला बाटली संपवलेला मित्र अकराला बाईकला किक मारतो, तेव्हा निम्मी अंगातच असते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. त्यापुढे पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. चावी आधीच काढून घ्या.

आता तुमचं. उठून जाऊ नका, पण हातातला ग्लास रिकामाही ठेवू नका; तो दिसला की कुणीतरी भरतोच. दोन चमचे कोकमाचं आगळ, चमचाभर साखर, चिमूटभर जिरेपूड आणि वरून थंड सोडा. आगळात मीठ असतंच, आणखी घालू नका. सोडा शेवटी, ग्लास तिरका धरून हळू ओता, नाहीतर फेस भसकन वर येतो. ‘औषध चालू आहे’ अशी थाप मारू नका, पुढच्या खेपेला आजाराची चौकशी होते. ‘मला नको, गाडी माझ्याकडे’ एवढं पुरतं. चुलीपाशी बांगडे तळायला बसलात तर आग्रह आपोआप कमी होतो.

पिणाऱ्यांना आधी भाकरी-मासे वाढा. नुसत्या खारट चकण्यानं तहान लागते आणि घोट भराभर जातात. ग्लास पूर्ण संपल्यावरच पुन्हा भरावा. अर्ध्यावर भरत गेलं की मोजदाद राहत नाही. पिऊन कुणालाही समुद्रात उतरू देऊ नका, अगदी गुडघाभर पाण्यातही.

कुणी आडवा झालाच तर कुशीवर झोपवा, उताणा नको. उलटी घशात अडकते. शेजारी जागं कुणीतरी हवं. हलवूनही उठत नसेल किंवा श्वास संथ वाटला, तर उतरायची वाट न बघता १०८ ला फोन करा.