वाचकांचे प्रश्न : मांजराच्या लिटरवर किती पैसे घालायचे?

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडला फ्लॅटमधे राहतो, दोन मांजरं आहेत, दोन्ही पूर्ण घरातली, खाली कधीच जात नाहीत. नुसत्या लिटरवर, म्हणजे त्यांच्या शी-शूच्या ट्रेमधे घालायच्या मातीवर, महिन्याला हजार-बाराशे जातात. ऑनलाइन बघायला गेलं तर डोकं चालत नाही, कोणी म्हणतं बेंटोनाइट घ्या, कोणी टोफू, कोणी पाइनच्या पेलेट्स. सासूबाई म्हणतात आम्ही गावाला राख नाहीतर वाळू घालायचो, विकतची माती कशाला आणायची. परवडेल आणि घरात वासही येणार नाही असं नेमकं काय घ्यावं?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : सासूबाईंपासूनच सुरू करते, कारण त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. मांजर मूळचं कोरड्या मुलखातल्या रानमांजराच्या वंशातलं, मऊ बारीक माती उकरायची, काम झालं की वर माती ओढायची, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आणि राख अमेरिकेतसुद्धा वापरायचे. १९४७ साली तिथे मिशिगन राज्यात एड लो नावाच्या माणसाच्या शेजारणीचं मांजर राखेचे काळे पाय घरभर उमटवायचं, तिनं वाळू मागितली तर त्यानं कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती माती दिली, आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची, आणि तिथून हा विकतच्या लिटरचा धंदा उभा राहिला. पण राख आज तुम्ही वापरू नका. भिजली की ती क्षारी होते, पंजे चुरचुरतात आणि मांजर तेच पंजे चाटतं.

वाळूचं म्हणाल तर बांधकामावरून घमेलंभर आणता येते हे खरं, पण हल्ली बऱ्याच साइटवर नदीची वाळू नसतेच, क्रश सँड असते, दगड फोडून केलेली, टोकदार आणि धुळकट. शिवाय उघड्यावरचा ढीग गल्लीतल्या मांजरांनी आधीच वापरलेला असतो, म्हणजे जंत घरात आणल्यासारखंच. आणि वाळू शू शोषत नाही, ती खाली जाऊन तळाशी साचते, मग रोज धुवा आणि वाळवा. एप्रिल-मेमधे गच्चीवर जमेल, जुलैत पुण्यात काय वाळणार?

आता विकतचं. इथे माझं म्हणणं एकच आहे, किलोचा भाव बघू नका, दिवसाचा भाव काढा. पिशवी उघडली त्या दिवशी मार्करनं तिच्यावर तारीख टाका, संपली की किंमत भागिले दिवस. समजा ४०० रुपयांची पिशवी २० दिवस गेली तर रोजचे २० रुपये झाले, आणि २५० ची दहाच दिवसांत संपली तर रोजचे २५, म्हणजे स्वस्त म्हणून आणलेलीच महाग पडली. पेलेट्स आणि टोफू वजनाला हलके, बेंटोनाइट जड, त्यामुळे पाच किलो विरुद्ध पाच किलो ही तुलनाच चुकीची आहे, तरी दुकानात आपण सगळे तीच करतो.

बेंटोनाइट ही फुगणारी माती, शू पडली की तिथल्या तिथे गोळा होतो, तेवढाच उचलायचा आणि बाकीचं लिटर कोरडं राहतं. मांजरांनाही बहुतेक वेळा हाच बारीक वाळूसारखा पोत आवडतो. आपल्याकडे ही माती कच्छमधे भरपूर निघते, त्यामुळे पिशवीवर 'इम्पोर्टेड' लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजायची काही गरज नाही, तुम्ही मातीचं जहाजभाडं भरताय फक्त. तोटे दोन, धूळ आणि वजन. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे दहा किलोची पिशवी वर चढवायची म्हणजे काय ते ज्यांनी चढवलीये त्यांना माहितीये.

पाइनच्या पेलेट्स म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या. शू पडली की त्यांचा परत भुसा होतो, तो चाळून खाली पाडायचा, वर कोरड्या कांड्या राहतात. दिवसाच्या भावात या बऱ्याचदा जिंकतात, पण गोळा होत नाही म्हणून चाळणीचा ट्रे हवाच. एकात एक बसणारे दोन टब घ्या आणि वरच्याच्या तळाला तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडा, झालं. अडचण एवढीच की पायाखाली कांड्या टोचतात म्हणून काही मांजरं ट्रेकडे फिरकतच नाहीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून नुसता भुसा आणावा असं काहींना वाटतं, तो मी नको म्हणेन, त्यात प्लायवूडचा, डिंकाचा, पॉलिशचा भुसा मिसळलेला असू शकतो आणि तो बारीक भुगा थेट नाकात जातो.

टोफू लिटर सोयाबीनच्या चोथ्याचं, हलकं, धूळ कमी, गोळाही होतो, पण महाग, आणि दमट हवेत उघडं राहिलं तर बुरशी धरतं. सिलिकाचे क्रिस्टल्स सर्वांत महाग, तुमच्या बजेटमधे तो विचार सोडून द्या.

तर तुम्हाला माझा सल्ला, बिनवासाचं, बारीक दाण्याचं, मधल्या किमतीचं देशी बेंटोनाइट. बिनवासाचं हे मुद्दाम सांगतेय, लॅव्हेंडर-लिंबू हे वास आपल्यासाठी घातलेले असतात, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, ते त्या वासाला कंटाळून सोफ्यामागे जातं, मग सोफा धुवायचा खर्च कशात धरायचा?

नवीन ब्रँड घेताना आधी छोटी पिशवी आणा आणि घरी तपासा. वाटीत तीन बोटं लिटर घ्या, मधोमध दोन चमचे पाणी घाला, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि गोळा चमच्यानं उचला. अख्खा आला तर उत्तम. उचलतानाच चुरा झाला तर तो चुरा ट्रेमधे मागे राहणार, वास मारणार आणि आठवड्यात अख्खा ट्रे फेकावा लागणार. मग खिडकीपाशी उन्हात या वाटीतून त्या वाटीत ओता, किती धूळ उडते ते तिरप्या उजेडात लगेच दिसतं. एवढी धूळ तुमचं मांजर रोज नाक खाली घालून हुंगणार आहे हे लक्षात ठेवा, दमा मांजरांनाही होतो.

पैसे वाचवायला लोक ट्रेमधे पातळ थर घालतात आणि तिथेच पैसे वाया जातात. थर अडीच-तीन इंच हवा. पातळ असला की शू थेट तळाला पोचते आणि पिठलं करपून पातेल्याला लागावं तसा चिखल तळाला चिकटतो, खरवडून निघत नाही आणि वास तिथूनच येतो. जाड थर घालून रोज दोनदा गोळे काढले आणि गेलं तेवढंच वरून भरलं तर लिटर जास्त दिवस जातं.

ट्रेवर मात्र जरूर वाचवा. दुकानातले ट्रे महाग आणि बहुतेक लहानच असतात, मांजराच्या अंगाच्या दीडपट लांबी हवी. रविवार पेठेत बोहरी आळीत मोठे प्लास्टिकचे टब, बांधकामाची घमेली मिळतात, तीन-चार वर्षं टिकतात. स्कूपऐवजी जुना झारा चालतो, फक्त त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे चुकून स्वैपाकघरात जाणार नाही. दोन मांजरांना खरं तर तीन ट्रे हवेत, मांजरं जितकी त्यापेक्षा एक जास्त, आणि तिन्ही एकाच कोपऱ्यात ओळीनं ठेवू नका, एका मांजरानं वाट अडवली की दुसऱ्याला तिन्ही बंद. बाथरूममधे ठेवणार असाल तर आपली बाथरूम ओली असते, ओल्या पंजांना बेंटोनाइट चिकटतं आणि घरभर पसरतं, त्यापेक्षा पॅसेजमधला कोरडा कोपरा बघा आणि पुढे काथ्याचं पायपुसणं टाका.

बदल एकदम करू नका. जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घ्या, नाहीतर एका ट्रेमधे जुनं आणि शेजारच्यात नवीन ठेवा, कुठलं आवडलं ते तुमची मांजरं सांगतील. त्यांना नको असलेलं लिटर फुकट मिळालं तरी उपयोग नाही.

आणि हे टॉयलेटमधे ओतू नका. टोफूच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की फ्लश करा, पण आपल्या सोसायट्यांच्या ड्रेनेजचा भरवसा नाही, बेंटोनाइट तर पाइपमधे फुगून बसेल. गोळे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वेगळे द्या आणि 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ज्या ताई कचरा न्यायला येतात त्यांना आत काय आहे ते सांगा, त्या हातानं वर्गीकरण करतात, त्यांच्या हाताला ते लागता कामा नये. सोसायटीच्या खतखड्ड्यातही नको, त्यात जंतांची अंडी मरण्याएवढी उष्णता होईलच असं नाही.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की ट्रे रोज साफ करूनही वास येतो. फिनाईलनं धुतलं तरी जात नाही. काय करू?
(सिंहगड रोड)

उत्तर : फिनाईल आधी बंद करा, आजपासून. मांजराच्या लिव्हरला फिनॉलच्या जातीची रसायनं नीट पचवता येत नाहीत, ट्रेला राहिलेला अंश पंजावरून तोंडात जातो. डेटॉलही त्याच कुळातलं, तेही नको. ब्लीचिंग पावडर तर शूवर कधीच टाकू नका, शूमधल्या अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. भांड्याच्या साबणानं धुवायचं, भरपूर पाण्यानं खळखळून काढायचं, पूर्ण कोरडं करायचं. पावसाळ्यात इथेच गोची होते, ट्रे नीट वाळत नाही आणि ओल्या ट्रेमधे लिटर भरलं की तळाचं सगळं आधीच भिजून जातं. एक जादा टब ठेवा, आळीपाळीनं वापरा.

वासाचं मूळ असं की शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि त्याला काही तास लागतात, त्याआधी गोळा उचलला तर वास तयारच होत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ उचलायचंच. खाली मूठभर खायचा सोडा पसरला तर थोडा फरक पडतो. लिटरची पिशवी उघडी ठेवू नका, धान्याच्या जुन्या पिंपात झाकण लावून ठेवा, पेलेट्स तर नुसत्या हवेनं फुगतात. आणि बोका असेल, नसबंदी झालेली नसेल, तर जगातलं कुठलंही लिटर त्या वासाला पुरं पडणार नाही, ऑपरेशन करून घ्या. टाके असेपर्यंत ट्रेमधे वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला, दाणे जखमेला चिकटत नाहीत.

प्रश्न : स्कूटरच्या सीटखाली महिन्याभराचं पिल्लू सापडलं, ते लिटर खातंय!
(हडपसर)

उत्तर : लहान पिल्लं सगळंच तोंडात घालतात. गोळा होणारं लिटर तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत नको, पोटात जाऊन फुगेल. तोवर कागदाच्या पट्ट्या किंवा पेलेट्स, आणि काठ बुटका असलेला ट्रे.

प्रश्न : सूनबाईंना दिवस गेलेत. सगळे म्हणतात मांजर सोडून या, शीमुळे बाळाला धोका असतो. आमची मनी सहा वर्षांची, घरातलीच आहे. सोडून यायला जीव होत नाही.
(सदाशिव पेठ)

उत्तर : काकू, मनीला कुठेही सोडू नका. लोक म्हणतात तो धोका टॉक्सोप्लाझ्माचा, आणि तो खोटा नाही, पण तो नीट समजून घ्या. ज्या मांजराला लागण झालीये त्याच्याच शीतून तो जंतू बाहेर पडतो आणि तोही सहसा पहिल्या लागणीनंतरचे थोडेच आठवडे. शीत आला तरी तो लगेच लागत नाही, लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे शी रोज उचलली तर धोका बराचसा तिथेच संपतो. ते काम तुम्ही किंवा चिरंजीवांनी करायचं, सूनबाईंनी नाही. कोणीच नसेल त्या दिवशी हातमोजे घालून करावं आणि नंतर साबणानं हात धुवावेत. मनीला कच्चं मटण देऊ नका, शिजवलेलं किंवा विकतचं कोरडं खाणंच द्या. आणि घरच्यांना हेही सांगा की हाच जंतू न धुतलेल्या भाजीतून, अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि कुंडीतल्या मातीतूनही येतो, तिथली काळजी जास्त घ्या. मांजर आहे हे सूनबाईंच्या डॉक्टरांना सांगा, हवी तर ते रक्ताची तपासणी करून घेतील.

प्रश्न : नवीन लिटर आणल्यापासून बोका सारखा ट्रेमधे जाऊन बसतो, उकरतो, पण काहीच करत नाही, मधेच ओरडतो. लिटर आवडलं नसेल का?
(औंध)

उत्तर : तुम्हाला फोनवर लगेच सांगितलं होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. लिटर आवडलं नाही तर मांजर ट्रेच्या बाहेर करतं, आत बसून कुंथत नाही. बोका कुंथतोय आणि शू येत नाहीये म्हणजे मूत्रमार्ग अडकला असण्याची दाट शक्यता, आणि त्यात दिवसा-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळपर्यंत वाट बघू नका, घरगुती काही देऊ नका, रात्र असेल तर रात्री उघडा असलेला दवाखाना शोधा. गोळा होणाऱ्या लिटरचा इथे मोठा उपयोग होतो, रोज किती गोळे आणि केवढे निघतात हे आपल्याला माहीत असतं, ते अचानक सुपारीएवढे झाले किंवा निघेनासे झाले तर लगेच कळतं. डॉक्टरांना शेवटचा नीट गोळा कधी निघाला ते सांगा, ते पहिल्यांदा तेच विचारतात.